ॲक्वापोनिक्समधील माशांचे खाद्य : पेंड, अझोला, अळ्या आणि नत्राचा हिशेब

ॲक्वापोनिक्समध्ये माशांची टाकी आणि भाजीचा वाफा एकाच पाण्यावर चालतात. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून जो अमोनिया सोडतात, त्याचे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ते नायट्रेट रोपे उचलतात आणि निवळलेले पाणी टाकीत परत येते. या चक्रात बाहेरून रोज पडणारी गोष्ट जवळजवळ एकच, ती म्हणजे माशांचे खाद्य. शेततळ्यात खाद्याबद्दल मासा किती वाढेल एवढेच पाहिले तरी चालते. इथे त्याच खाद्यावर पालक आणि टोमॅटो पोसायचे असतात, आणि त्याचा न खाल्लेला कणही त्याच थोड्या पाण्यात कुजणार असतो. म्हणून घरी केलेल्या किंवा सेंद्रिय खाद्याचा विचार माशाच्या पोटापाशी थांबत नाही.

हिशेब एका छोट्या प्रणालीवर मांडता येतो. हजार लिटरच्या टाकीत साधारण २० किलो मासे असावेत, त्याहून दाटी नको, असा घरगुती प्रणालींसाठीचा नेहमीचा सल्ला आहे. वजनाच्या दोन टक्के खाद्य धरले तर रोज ४०० ग्रॅम लागते. त्यात ३२ टक्के प्रथिने असतील तर १२८ ग्रॅम प्रथिने पडली. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असते, म्हणजे साधारण २० ग्रॅम नत्र पाण्यात आले. त्यातला पाव ते तीस टक्के भाग मासा अंगी लावतो. उरलेला बहुतांश अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो आणि थोडा घन विष्ठेतून जातो. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत पालेभाजीसाठी दर चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम आणि फळभाजीसाठी ५० ते ८० ग्रॅम खाद्य असे प्रमाण दिले आहे. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी तराफ्यावरच्या लागवडीसाठी ६० ते १०० ग्रॅमचे प्रमाण बसवले होते. दोन्ही आकडे भरपूर प्रथिनांच्या कारखानी गोळीवर बेतलेले आहेत. गोळी बदलून १५ टक्के प्रथिनांचे घरगुती मिश्रण घातले आणि वजन तेवढेच ठेवले, तर वाफ्याला मिळणारा नत्र निम्म्यावर येतो आणि घाण मात्र वाढते. घरगुती खाद्याचा प्रत्येक पर्याय या हिशेबावर तपासून घ्यावा लागतो. त्यावर तपासले की बरेच लोकप्रिय पर्याय लहान दिसू लागतात.

माशाची गरज

तिलापियाच्या पिलांना ३५ टक्क्यांच्या आसपास आणि मोठ्या माशांना २८ ते ३२ टक्के प्रथिने पुरतात. रोहू, कटला, सायप्रिनस आणि पंगस २५ ते ३० टक्क्यांवर वाढतात. मरळ हा शिकारी मासा. त्याला ४० टक्क्यांहून अधिक प्रथिने लागतात आणि तीही मुख्यतः प्राणिज. त्यामुळे घरगुती खाद्याचा प्रयोग मरळीवर सुरू करू नये. प्रथिनांच्या टक्क्याइतकेच त्यातल्या अमिनो आम्लांना महत्त्व आहे. माशाला दहा अमिनो आम्ले खाद्यातूनच मिळावी लागतात. त्यांपैकी लायसिन आणि मेथिओनिन ही दोन वनस्पतिजन्य खाद्यात हमखास तोकडी पडतात. सोयाबीनमध्ये लायसिन बऱ्यापैकी असते, पण मेथिओनिन कमी. तिळाच्या पेंडीत नेमके उलटे. दोन्ही एकत्र आली की एकीची उणीव दुसरी बरीचशी भरून काढते.

स्निग्धांशाच्या बाबतीत गोड्या पाण्यातले मासे तुलनेने सोशिक असतात. समुद्री माशांना मासळीच्या तेलातली लांब साखळीची ओमेगा-३ आम्ले आयती लागतात. रोहू किंवा तिलापिया मात्र ती काही प्रमाणात वनस्पतितेलातल्या लहान साखळीच्या आम्लांपासून स्वतः घडवतात. विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे थोडे तेल इथे उपयोगी पडते. कच्च्या जवसाची पूड मात्र घालू नये, तिच्यात सायनाइड सोडणारी आणि ब-६ जीवनसत्त्वाला मारक अशी द्रव्ये असतात.

घरगुती खाद्य सर्वांत जास्त फसते ते क जीवनसत्त्वापाशी. बहुतेक मासे ते शरीरात बनवू शकत नाहीत. ते शिजवताना जाते, साठवणीत जाते आणि पाण्यात विरघळूनही जाते. काही महिने त्याविना गेले की पिलांचा कणा वाकडा होतो आणि एकदा वाकलेला कणा सरळ होत नाही. कारखानी खाद्यात यासाठी फॉस्फेटला जोडलेले टिकाऊ क जीवनसत्त्व वापरतात. घरी करताना मत्स्यखाद्यासाठी मिळणारे जीवनसत्त्व-खनिज मिश्रण घालणे हाच खात्रीचा उपाय आहे. त्याला सेंद्रिय म्हणता येत नसले तरी वाकड्या कण्याचा मासा कोणत्याच व्याख्येत बसत नाही.

शहरी प्रणालींची एक गंमत अशी की पुष्कळ घरांत टाकीतला मासा कोणी खाणारच नसतो. गच्चीवरच्या टाकीत कोई किंवा गोल्डफिश असतात, घरचे शाकाहारी असतात आणि हवी असते ती भाजी. अशा ठिकाणी मासा झपाट्याने वाढावा ही अपेक्षा नसल्याने खाद्याची कसोटी सैल होते. मासे निरोगी राहावेत आणि वाफ्याला नत्र मिळत राहावा एवढे पुरते. घरगुती खाद्य सर्वांत सहज जमते ते इथेच.

पाण्यावर वाढणारे खाद्य

अझोला आणि डकवीड या दोन तरंगत्या वनस्पतींचे नाव सर्वांत आधी निघते. डकवीडची पाने दोन-चार मिलिमीटरची असतात. सकस पाण्यात तिच्या सुक्या वजनात ३० टक्क्यांच्या पुढे प्रथिने भरतात. बांगलादेशात मिर्झापूर येथे प्रिझम या संस्थेने सांडपाण्यावर डकवीड वाढवून ते कार्पना खाऊ घालण्याचा मोठा प्रयोग केला. त्यावर आधारलेले जागतिक बँकेचे १९९३ चे पुस्तक या विषयात अजून वाचले जाते. पण मिर्झापूरमध्ये नत्र येत होता सांडपाण्यातून, म्हणजे बाहेरून. ॲक्वापोनिक्सच्याच पाण्यावर डकवीड वाढवून माशांना घातले, तर तोच नत्र टाकीतून डकवीडमध्ये आणि डकवीडमधून टाकीत असा फिरत राहतो. नवे काही येत नाही, आणि जो नत्र डकवीडने उचलला तो पालकाला मिळत नाही. गाळणीत साठलेला गाळ वेगळ्या टबात जिरवून त्या पाण्यावर डकवीड घेतले तर गोष्ट वेगळी. तो गाळ एरवी फेकला गेला असता, त्यातला नत्र तरी परत मिळतो.

अझोलाला हा आक्षेप पूर्णपणे लागू होत नाही. तिच्या पानांत ॲनाबिना हे नीलहरित शैवाल राहते आणि ते हवेतला नत्र बांधते, म्हणून अझोला चक्रात खरोखर नवा नत्र आणते. महाराष्ट्रात कृषी विज्ञान केंद्रांनी गाईगुरांसाठी आणि कोंबड्यांसाठी अझोलाचा चांगला प्रसार केला आहे. प्लास्टिक अंथरलेला तिचा वाफा खेड्यापाड्यांत ओळखीचा आहे. तिला स्फुरद मात्र द्यावा लागतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सावलीची जाळी बांधली नाही तर ती तांबडी पडून बसते.

अडचण पाण्याची आहे. ताज्या अझोलात सहा-सात टक्केच सुका अंश असतो आणि त्यात प्रथिने २० ते २५ टक्के. म्हणजे किलोभर ताज्या अझोलात प्रथिने जेमतेम १५ ग्रॅम. वरच्या उदाहरणातली १२८ ग्रॅम प्रथिने अझोलातून द्यायची तर रोज जवळपास नऊ किलो अझोला लागेल, म्हणजे माशांच्या वजनाच्या निम्म्याला टेकणारा ढीग. चौरस मीटरला रोज २०० ग्रॅम निघते असे धरले तर ४५ चौरस मीटरचा अझोला वाफा हवा. त्याच माशांवर पोसली जाणारी भाजी आहे आठ-दहा चौरस मीटरची. वाळवून पूड करून गोळीत १०-१५ टक्के मिसळणे, किंवा एक वेळचे खाद्य गोळीचे आणि मध्ये चरायला ताजी अझोला, ही तिची खरी जागा.

गवत्या माशाला लसूणघास, कोवळे गवत, कोबीची पाने असे काहीही चालते. तो खातोही भरपूर, पण त्यातले बरेचसे न पचता तसेच बाहेर येते आणि छोट्या प्रणालीची गाळणी दोन दिवसांत तुंबते. तळ्यात या विष्ठेवर इतर मासे जगतात. टाकीत तिच्यावर जगणारे कोणी नसते. शेवग्याच्या पाल्याची पूड जास्त उपयोगाची आहे. तिच्या सुक्या वजनात २५ टक्क्यांच्या वर प्रथिने असतात. मात्र सॅपोनिन आणि टॅनिनमुळे गोळीत दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन हे विषारी अमिनो आम्ल असते. पाला पाण्यात भिजवून ते पाणी टाकले तरच तो थोड्या प्रमाणात वापरता येतो. स्पिरुलिना प्रथिनांत या सगळ्यांना मागे टाकते, ६० टक्क्यांच्या वर जाते. पण तिची किंमत पाहता शोभेच्या माशांचा रंग खुलवण्यापलीकडे ती परवडत नाही. जलपर्णीचा विचार करूच नये. मुळा-मुठेसारख्या नद्यांतून ती फुकट मिळते हे खरे, पण ती पाण्यातले जड धातू शोषून घेते आणि फुकटात ते धातूही मिळतात.

अळ्या, गांडुळे आणि किडे

बाहेरचा टाकाऊ नत्र माशांच्या तोंडापर्यंत आणण्याचे काम किडे जितके चांगले करतात तितके दुसरे कोणी करत नाही. त्यात ब्लॅक सोल्जर फ्लाय सर्वांत पुढे आहे. घरी कंपोस्ट करणाऱ्यांच्या डब्यात पावसाळ्यात ज्या जाड, करड्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसतात आणि ज्या पाहून अनेक जण कंपोस्टिंगच सोडून देतात, त्या बहुधा हिच्याच. प्रौढ कीटक जवळजवळ काही खात नाही. तो अन्नावर बसत नाही, घरमाशीसारखा रोग पसरवत नाही आणि काही दिवसांत मरतो. खाण्याचे सारे काम अळी दोन-तीन आठवड्यांत उरकते. सुक्या अळीत सुमारे ४० टक्के प्रथिने आणि ३० टक्क्यांच्या आसपास चरबी असते.

तिची सर्वांत सोयीची सवय ही की कोषात जाण्याआधी ती काळपट होते, पोट रिकामे करते आणि कोरड्या जागेच्या शोधात वर चढू लागते. डब्याला साधारण ३५ ते ४० अंशांचा उतार लावून त्याचे टोक बादलीवर आणले की पक्व अळ्या रात्रीतून आपणहून बादलीत पडतात. निवडण्याचे काम उरत नाही. सकाळी बादलीतल्या अळ्या उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढून गार करून टाकीत टाकता येतात किंवा वाळवून पूड करता येते.

इथेही हिशेब करावा लागतो. ताज्या अळीत प्रथिने १५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १२८ ग्रॅम प्रथिनांसाठी रोज साधारण ८५० ग्रॅम अळ्या हव्यात. त्यांना सहा-सात किलो ओला कचरा लागतो. एका घरातून निघतो किलोभर. तेव्हा एकट्या घराला हे जमणार नाही, पण गृहनिर्माण संस्थेला सहज जमेल. रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना २०१६ च्या नियमांनी ओल्या कचऱ्याची जागेवरच विल्हेवाट लावायला सांगितली होतीच. उणिवा दोन आहेत. अळीच्या चरबीत लॉरिक आम्ल भरपूर आणि ओमेगा-३ नगण्य असते. शिवाय थंडीत पुणे-नाशिककडे पैदास मंदावते, कारण प्रौढांच्या मीलनाला ऊब आणि लख्ख ऊन लागते.

गांडुळांत सुक्या वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात आणि गांडूळखताचे वाफे महाराष्ट्रात गावोगावी आहेत. पण खतासाठी सर्रास वापरले जाणारे आयसेनिया फेटिडा हे गांडूळ डिवचले की पिवळट, उग्र वासाचा द्रव सोडते आणि अनेक मासे ते तोंडात घेऊन थुंकतात. गरम पाण्यातून काढले की ते बरेचसे चालते. युड्रिलस युजेनी ही जात माशांना जास्त रुचते. तरी खतातून गांडुळे वेचण्यात जो वेळ जातो तो पाहता हा पर्याय आठवड्यातून एकदोनदा द्यायच्या खुराकापुरताच ठीक.

किड्यांवर मासे पोसण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड येथील, १९६९ मध्ये स्थापन झालेल्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम मॅक्लार्नी यांनी खतावलेल्या उथळ पाण्यात गोणपाटाचे तुकडे टांगून चिरोनोमस या डासासारख्या, पण न चावणाऱ्या किड्याच्या लाल अळ्या वाढवल्या. ती पद्धत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. आजच्या ॲक्वापोनिक्सची काही मुळे त्याच संस्थेतल्या तिलापियाच्या टाक्यांपर्यंत जातात. टाकीवर रात्री दिवा टांगून किडे पाण्यात पाडणे हा त्याहून सोपा उपाय. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यातून बरेच काही पडते, एरवी फारसे नाही. आसपासच्या शेतात फवारणी चालू असेल तर तो टाळावा.

रेशीम कोष उकलल्यावर उरणारे प्यूपे हे जपानमधले कार्प माशांचे जुने खाद्य. कर्नाटकात रामनगर, शिडलघट्टा या रेशीम पट्ट्यात ते भरपूर निघतात. महाराष्ट्रात जालन्याला कोष बाजार आहे. प्रथिने ५० टक्क्यांच्या आसपास असली तरी तेलही पाव हिस्सा असते. ते लवकर खवट होते आणि त्याचा वास माशाच्या मांसाला लागतो. तेल काढलेली पूड मिळाली तरच घ्यावी.

पेंडी

आकारमानाने घरगुती खाद्याचा खरा कणा पेंड हाच आहे. बंगालात मोहरीची पेंड आणि भाताचा कोंडा निम्मेनिम्मे, आंध्रच्या तळ्यांत तेल काढलेला कोंडा ही भारतीय कार्पपालनाची रूढ शिदोरी. महाराष्ट्रात शेंगदाण्याची पेंड, सोयाबीन, तीळ आणि सरकी हाताशी असते. शेंगदाणा पेंडीत ४० टक्क्यांच्या वर प्रथिने असतात आणि माशांना ती आवडते. तिचा शत्रू म्हणजे बुरशी. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले आणि कारण निघाले ब्राझीलहून आलेली बुरशीची शेंगदाणा पेंड. अफलाटॉक्सिनचा शोध त्यातून लागला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या हॅचरींमध्ये ट्राउट माशांच्या यकृतात गाठी झाल्या. तिथे दोष सरकीच्या पेंडीतल्या याच विषाचा होता. घरच्या शिजवण्याने हे विष जात नाही. हिरवट-काळी झाक आलेली किंवा कुबट वासाची पेंड जनावरांना चालते म्हणून माशांना घालणे हा खोटा काटकसरीपणा आहे. जनावरांनाही ती चालत नसतेच.

सोयाबीन कच्चे घालू नये. त्यातला ट्रिप्सिन-रोधक माशाचे प्रथिनपचनच अडवतो. भिजवून वीस-तीस मिनिटे उकळले आणि वाळवून दळले, किंवा नीट भाजून दळले, की तो दोष जातो. सरकीत गॉसिपॉल असते, म्हणून तिचे प्रमाण थोडके ठेवावे. सगळ्याच दाण्या-पेंडींतला स्फुरद फायटेटमध्ये अडकलेला असतो आणि माशाला तो पचत नाही. तो विष्ठेबरोबर गाळात जातो; ॲक्वापोनिक्समध्ये गाळ जिरवणारी व्यवस्था असेल तर तिथे तो सुटा होऊन रोपांना लागू पडतो. माशाच्या दृष्टीने वाया गेलेली गोष्ट वाफ्याच्या दृष्टीने वाया जात नाही, असे इथे अधूनमधून घडते.

खत म्हणून विकल्या जाणाऱ्या पेंडींबाबत मात्र सक्त सावधगिरी हवी. मोहाची पेंड हे मत्स्यपालकांचे जुने, ओळखीचे विष आहे. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तळ्यातले नको असलेले मासे मारण्यासाठी ती लिटरमागे २०० ते २५० मिलिग्रॅम या प्रमाणात टाकतात. तिच्यातले सॅपोनिन रक्तपेशी फोडते आणि पाणी पुन्हा माशांच्या कामाचे व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. निंबोळी आणि करंज पेंडही माशांना बाधते. एरंडीच्या पेंडीत रायसिन असते. कृषी सेवा केंद्रात या सगळ्या ‘सेंद्रिय’ म्हणून एकाच फळीवर असतात. त्यांची पूड ॲक्वापोनिक्सच्या वाफ्यात टाकली तरी ती पाण्यावाटे थेट माशांपर्यंत पोचते.

मासळी, उष्टे आणि शेण

थोडे तरी प्राणिज प्रथिन असले की घरगुती गोळी रुचकर होते आणि अमिनो आम्लांचा तोल साधतो. कोकणात त्यासाठी जवळा सर्वांत सोपा. तो नुसता उन्हात वाळवलेला हवा, मिठातला नको. तळ्यात थोडे मीठ खपून जाते, पण ॲक्वापोनिक्सच्या पाण्यात सोडियम साचत राहतो. रोपे तो फारसा उचलत नाहीत, आणि काही महिन्यांनी घेवडा, स्ट्रॉबेरी यांसारखी नाजूक पिके पानांच्या कडा करपवून दाखवतात. खारवलेली सुकी मासळी, घरातले उरलेले कालवण, फरसाणाचा चुरा हे सारे याच कारणाने बाद. शिळा भात आणि पोळी मासे आनंदाने खातात. पण त्यात जवळजवळ पिष्टच असते, म्हणजे वाफ्याला नत्र नाही आणि पाण्याला मात्र कुजण्याचा भार.

मासळी बाजारातली डोकी, आतडी आणि काटे यांचे सायलेज करता येते. बारीक केलेल्या मासळीत वजनाच्या तीन टक्के फॉर्मिक आम्ल मिसळले की सामू चारच्या खाली जातो आणि माशाचीच विकरे मांस विरघळवून पातळ लापशी करतात. आम्ल नको असेल तर साखर कारखान्याची मळी आणि थोडे दही घालून आंबवताही येते. ही लापशी कोंड्यात मुरवून गोळी करतात. टाकीत ज्या जातीचा मासा आहे त्याच जातीचे अवशेष त्याला घालू नयेत, रोग फिरत राहण्याची भीती असते. कच्ची मासळी तर घालूच नये. अनेक जातींत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते आणि ते शिजवल्यावरच जाते.

कोंबडीची आतडी आणि कत्तलखान्याचा कचरा यांवर थाई मांगूर वाढवण्याचे धंदे महाराष्ट्रात झाले. त्या माशावर बंदी आहे आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर त्याचे साठे नष्टही करण्यात आले. ॲक्वापोनिक्समध्ये असे कच्चे अवशेष, शेण किंवा गोबरगॅसची स्लरी वापरण्याला आणखी एक नकार आहे. मासे थंड रक्ताचे असल्याने त्यांच्या विष्ठेत ई. कोलाय सहसा नसतो. शेण आणि कोंबडीचे अवशेष तो बाहेरून आणतात, आणि याच पाण्यावरची लेट्यूस-कोथिंबीर कच्ची खाल्ली जाते.

गोळी करणे

रोहू-तिलापियासाठी किलोभर गोळीचे एक चालणारे प्रमाण असे : तेलघाण्याची शेंगदाणा पेंड ३०० ग्रॅम, भाजलेल्या सोयाबीनचे पीठ २००, बिनमिठाच्या जवळ्याची किंवा वाळवलेल्या अळ्यांची पूड १२०, भाताचा कोंडा २२०, ज्वारी किंवा गव्हाचे पीठ १२०, जीवनसत्त्व-खनिज मिश्रण २० आणि जवसाचे तेल २० ग्रॅम. जवळा घातला तर यात प्रथिने ३० टक्क्यांच्या आसपास बसतात. अळ्यांची पूड घातली तर टक्का थोडा उतरतो आणि स्निग्धांश वाढतो, तेव्हा तेल वगळावे.

सारे जिन्नस जितके बारीक दळलेले असतील तितकी गोळी टिकते. पिठांत बेताचे पाणी घालून घट्ट मळावे आणि वीस-पंचवीस मिनिटे वाफवावे. उष्णतेने पिष्ट चिकट होते आणि गोळी बांधली जाते. बांधणी कमी पडली तर कुरडयांसाठी काढतात तो गव्हाचा चीक थोडा मिसळावा. गोळा कोमट झाल्यावरच जीवनसत्त्वे आणि तेल मळून घ्यावे, आधी घातले तर वाफेत जाते. मग सोऱ्यात शेवेची जाळी लावून कापडावर पाडावे आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. तार वाकली तर ओल शिल्लक आहे. ती कट्कन तुटली पाहिजे. तोडलेले तुकडे पाण्याच्या पेल्यात टाकून पाहावेत. अर्धा तास आकार धरून राहिले तर गोळी जमली, पाच मिनिटांत ढगाळ पाणी झाले तर पुन्हा बांधणी पाहावी. जी गोळी विरघळते ती माशाच्या पोटात न जाता सरळ गाळणीत जाते.

घरची गोळी बुडते. तरंगती गोळी करायला दाबाखाली पीठ फुलवणारे एक्सट्रूडर यंत्र लागते, ते घरी नसते. बुडत्या गोळीचा तोटा हा की उरलेले दिसत नाही. म्हणून दोरीने बांधलेली ताटली टाकीत सोडून तिच्यावर खाद्य द्यावे आणि अर्ध्या तासाने वर ओढून पाहावे. आंध्रात मोठ्या तळ्यांतही भोके पाडलेल्या पिशव्या दांड्यांना टांगून खाद्य देतात, ती याच हिशेबाने. उरलेले दिसले तर दुसऱ्या दिवशी तेवढे कमी करावे. गोळी महिनाभराच्या गरजेपुरतीच करावी आणि हवाबंद डब्यात ठेवावी. कोकणातल्या पावसाळ्यात तर पंधरवड्यापुरतीच, कारण तिथे जुलैत न वाळलेल्या गोळीला दोन दिवसांत बुरशी धरते.

कारखानी खाद्यावरून एकदम घरच्या खाद्यावर येऊ नये. आठ-दहा दिवसांत हळूहळू प्रमाण वाढवावे आणि त्या काळात अमोनिया-नायट्राइटची तपासणी दोन दिवसांआड करावी. घरच्या गोळीत तंतू जास्त असतात, त्यामुळे विष्ठा वाढते, गाळणी लवकर भरते आणि तिच्यातले जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढतात. एप्रिल-मेच्या कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो. तेव्हा घरच्या खाद्याचे प्रमाण उतरवणे शहाणपणाचे. चांगल्या कारखानी गोळीचे दीड किलो खाद्य जिथे किलोभर मासा देते, तिथे घरच्या गोळीचे दोन ते तीन किलो लागू शकतात. सगळे खाद्य घरी करण्यापेक्षा तिसरा हिस्सा ते निम्मे घरचे आणि बाकी कारखानी, ही तडजोड बहुतेक छोट्या प्रणालींना मानवते.

वाफ्याच्या बाजूने पाहता कोणतेच मत्स्यखाद्य रोपांना पुरेसे पालाश, कॅल्शियम आणि लोह देत नाही, कारण माशाला त्यांची तेवढी गरज नसते. रॅकोसींच्या प्रणालीत सामू राखण्यासाठी पोटॅशियम आणि कॅल्शियमचे हायड्रॉक्साइड आलटून पालटून घालत आणि चिलेटेड लोह वेगळे देत. सोयाबीन आणि कोंड्यावर आधारलेल्या गोळीत पालाश थोडा जास्त असतो एवढाच काय तो फायदा; टोमॅटोच्या फळाला तो पुरत नाही. लोहाची कमतरता कोवळ्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडून दिसते आणि खाद्य बदलून ती भरून निघत नाही.

सेंद्रिय कशाला म्हणावे

घरचे म्हणजे सेंद्रिय नव्हे. महाराष्ट्रातला जवळजवळ सगळा कापूस बीटी, म्हणजे जनुकबदल केलेला असल्याने सरकीची पेंड सेंद्रियच्या व्याख्येत बसत नाही. सोयाबीन भारतात जनुकबदल न केलेलेच पिकते. पण २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली होती, म्हणून पेंडीचे मूळ विचारून घ्यावे लागते. बाजारातली तेलविरहित पेंड हेक्झेन या द्रावकाने तेल काढून उरलेली असते. युरोपच्या सेंद्रिय नियमांना रासायनिक द्रावकाने काढलेला माल चालत नाही, तेलघाण्याची पेंड चालते. तिच्यात तेलाचा अंश जास्त राहतो, म्हणून ती चविष्ट असते आणि खवटही लवकर होते. किड्यांची प्रथिने मत्स्यखाद्यात वापरायला युरोपीय संघाने १ जुलै २०१७ पासून मुभा दिली, पण स्वयंपाकघरातल्या उष्ट्यावर वाढवलेल्या अळ्यांना तिथे ती लागू नाही.

खाद्य निखळ असले तरी प्रणालीला प्रमाणपत्र मिळेलच असे नाही. युरोपीय नियमांत सेंद्रिय पीक मातीत वाढलेले असावे लागते आणि बंद चक्रातले मत्स्यपालन, बीजोत्पादन सोडल्यास, सेंद्रिय धरत नाहीत. ॲक्वापोनिक्स दोन्हीकडून बाहेर पडते. अमेरिकेत राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाने नोव्हेंबर २०१७ मध्ये हायड्रोपोनिक्स आणि ॲक्वापोनिक्सवर बंदी घालण्याचा प्रस्ताव एका मताच्या फरकाने फेटाळला, त्यामुळे तिथे भाजीला प्रमाणपत्र मिळू शकते. माशांसाठी मात्र तिथे सेंद्रिय मानकच नाही. भारतात २०१७ च्या सेंद्रिय अन्न नियमांनुसार ‘सेंद्रिय’ म्हणून विकायच्या मालाला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे किंवा पीजीएस-इंडियाचे प्रमाणपत्र लागते. वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या आणि थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला या पडताळणीतून सूट आहे, फक्त ‘जैविक भारत’चे बोधचिन्ह त्याला वापरता येत नाही.